पांढऱ्या पट्ट्याची तिखी

४ ऑक्टो., शनि.
सुट्टी. दिवसभर देवाच्या राईत. गावात सगळ्यांच्या लेखी तिखी एकच: तीन शिरांचं पान, चुरडलं की दालचिनीचा वास. जाती दोन आहेत. अ ची साल लॅबमधल्या तपासणीच्या प्लेटवर ठसठशीत डाग देते. ब ची जवळजवळ नाही, चघळली तर बुळबुळीत. ब च्या पानाला भिंगाखाली खालून लव दिसते, अ गुळगुळीत. अभ्यासाला वर्षभर त्याच झाडांची पानं हवीत म्हणून अ ला पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारला. व्हाळाला पाणी होतं, पलीकडची झाडं राहिली.
गुरवकाका: "झाडांका पट्टे? पोलिसात भरती केलंस काय गो?"
रात्री जेवताना बाबांना सांगितलं: व्यापारी इथली साल घेत नाहीत, कारण दोन्ही मिसळून जातात. बाबांचा घास हातात राहिला. "आणि तुका वळाकता?"
"होय."

७ ऑक्टो., मंगळ.
कुडाळला, लॅबमध्ये. बाबांचा फोन. देवळात बैठक झाली, छप्पर यंदा करायचंच. बाबा मानकरी, त्यांना जावंच लागतं. पैसे कुठून, ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

१२ ऑक्टो., रवि.
गावी आले. राईतली पट्टेवाली सगळी झाडं सोललेली. कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत, चौफेर. अशी सोललेली झाडं जगत नाहीत. ब च्या एकाही झाडाला हात लावलेला नाही. काम बिनचूक.
बाबा ओटीवर होते. कौल घेतला होता का, विचारलं.
"घेतलंव मगे. देवाक न इचारता कोयतो लावतले काय?"
मूर्तीवर चिकटवलेली पाकळी डावीकडची पडली, म्हणजे नकार. दुसऱ्यांदाही डावीच.
"मगे गाराणा बदललंव. राईतली साल काढू काय, असा इचारूचा सोडलंव. माझ्या चेडवान पारखून खूण केलेल्या झाडांची काढू काय, असा इचारलंव. उजवो दिल्यान."
"माझा नाव घेतलास?"
"अभिमानान घेतलंय गो."
मी आत जाऊन चहा ठेवला. बाबांना तो होकार वाटला असावा.

१४ ऑक्टो., मंगळ.
लॅबमध्ये एका व्यापाऱ्याकडून दालचिनी सालीचा नमुना आला. पिशवीवर "लागवडीतील". प्लेटवर डाग ठसठशीत. भुकटीत दगडपेशी, तेलपेशी, सगळं अ. ब चा तुकडासुद्धा नाही.
लॅबचे साहेब: "मॅडम, इतका निवडक माल जिल्ह्यातून कधी आला नव्हता. निवडणारा हुशार असणार."
हो म्हटलं.
लागवडीतली की राईतली, हे माझ्या तपासणीत कळत नाही. तो प्रश्नच विचारलेला नाही.

१६ ऑक्टो., गुरु.
उरलेला नमुना ट्रेमध्ये पसरला. एका तुकड्याच्या पाठीवर पांढरं. आधी दगडफूल वाटलं. सुईने खरवडून काचेवर घेतलं. पेशी नाहीत, काही नाही. ऑइलपेंट.
रिपोर्टात "बाह्य पदार्थ" असा रकाना आहे. तिथे रंग लिहिला की सगळा माल परत. मग झाडंही गेली आणि छप्परही. बैठकीत बाबांना मान खाली घालून बसावं लागेल. नाही लिहिलं तर

१७ ऑक्टो., शुक्र.
बाबांचा फोन. आवाज मोकळा. व्यापाऱ्याला आणखी माल हवा आहे.
"बाय, आयतवारी व्हाळापलीकडे जावया. पाणी उतारला. तू दाखव फक्त, रंग मी लावतंय."
"कौल?"
"देवान एकदा दिलो ना. पट्टो असलेल्या झाडांचो दिलो. आता पट्टो मारलो की झाला."
त्यांच्या बोलण्यात चूक काढता येत नाही.
"आणि तो रिपोर्ट तुझ्याचकडे इलो म्हणतत. बघ गो, देवाचा काम आसा."

१८ ऑक्टो., शनि.
रिपोर्ट आज द्यायचा. जात: बरोबर. तेल: बरोबर. ओलावा: बरोबर. तो एक रकाना सोडून सगळं भरलं. साहेब दारातून डोकावून गेले.
ती काच अजून भिंगाखाली आहे. घरून निरोप आहे, येताना रंगाचा डबा आण. जुना वाळला.