चमकून नाही राहिली

पुणे, जुलै २०१२

प्रिय आई,

जयभीम. साक्षी, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव आणि एक ओळही गाळू नकोस. तिची गाठ काढून वर्ष झालं, तरी फोनवर नागपूरच्या तपासणीचं नाव काढलं की आपली माय धानाच्या रोवणीच्या गप्पा सुरू करते. पत्राला काही ती बोलण्यात गुंडाळू शकणार नाही.

आई, आधी आनंदाची बातमी. आमच्या लॅबचं औषध उंदरांवर लागू पडतंय! दिवाळीत तुला लॅपटॉपवर फोटो दाखवले होते ना, पोटात ठिपका चमकणाऱ्या उंदराचे? तू म्हणालीस, बिचाऱ्याच्या पोटात काजवा गेला. जवळपास तसंच आहे ते. कॅन्सरच्या पेशींना आम्ही काजव्याचा गुण देतो आणि त्या उंदराच्या अंगात सोडतो. मग एक सुई टोचली की गाठ उजळते, पण इतकी मंद की काळोख्या पेटीतल्या कॅमेऱ्यालाच दिसते. परवा औषध दिलेल्या उंदराचा फोटो काळाच आला. मला वाटलं, घाईत सुईच टोचायची राहिली. पुन्हा टोचली, पुन्हा फोटो काढला. बिनऔषधाचा उंदीर झगझगीत आणि हा काळाच, म्हणजे गाठ गेली! अख्खी लॅब नाचली.

त्याच दिवशी साक्षीचा फोन. म्हणे, आई धानाच्या खोलीत दार लावून, फटीत पोती कोंबून, काळोखात स्वतःचं अंग न्याहाळत बसली होती. बाहेर येऊन म्हणाली, “कायले जाऊ नागपूरले? मी तं कुठंच चमकून नाही राहिली.” हसून हसून पोट दुखलं गं माझं. लॅबच्या सरांना सांगितलं, तर म्हणाले, आईंना आपल्याच लॅबमध्ये घेऊ या. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ऑपरेशनपासून एकदाही तू भीती वाटते म्हणाली नाहीस, आणि तिथे एकटीच बसली होतीस.

अगं, उंदरातला तो उजेड आमचाच असतो. तुझ्या अंगात कुणी काजवा सोडलेला नाही, त्यामुळे तो काळोख काहीच सांगत नाही. नागपूरचे डॉक्टर सांगतील.

म्हणून मी येतेय. रविवारी अर्जुनीला उतरते, सोमवारी आपण दोघी नागपूरला जाऊ. रोवणी बाबा बघतील. पण निघण्याआधी मला त्या धानाच्या खोलीत घेऊन चल. दार लावू, पोती कोंबू. मलाही खूप भीती वाटून राहिली आई, ते तिथे तुझ्याजवळ बसून सांगायचंय. तूही सांग. काळोखात कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही.

तुझीच, तुझ्यासारखीच कुठेही न चमकणारी,
रचना