तू फोनवर काय म्हणालास

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय क्लेमेंट,

सप्रेम नमस्कार. कारखान्यात बत्तीस वर्षं शेजारी उभे राहिलो, पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय. अक्षर सांभाळून घे.

माझी तब्येत ठणठणीत आहे. साखर नाही, बीपी नाही, तीन मजले चढतो. मागच्या महिन्यात कॉलेजच्या मुली सोसायटीत म्हाताऱ्यांची पाहणी करायला आल्या होत्या. तब्येत कशी, उत्तम, बरी की वाईट? मी फटकन 'उत्तम' म्हणालो. पुढचे प्रश्न मात्र सुनेला, जान्हवीला, माझ्या कानाशी मोठ्याने परत विचारावे लागले.

जेवताना आमचा सुबोध काहीतरी सांगतो, सगळे हसतात, मीही हसतो. मग खोलीत जाऊन बसतो. कट्ट्यावर जाणं सोडलं. कुणी विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगतो. गुडघा दुखला तर लोक खुर्ची देतात रे. कान गेले की बोलायचंच सोडतात. माझ्या बापाशी मी तेच केलं होतं.

आता खरं सांगतो. ऑगस्टमध्ये तुझा फोन आला. मला नुसती घरघर ऐकू आली. 'इव्हा' एवढं कळलं, आणि 'घरी आणतोय'. तुझी बायको इस्पितळात होती, म्हणजे बरी झाली असणार, असं मी धरून चाललो.

"छान झालं, क्लेमेंट," मी म्हणालो. "सुटलास एकदाचा." आणि हसलो. तू फोन ठेवलास.

आठ दिवसांनी मर्विन मालाडच्या बाजारात दिसला. मी हात केला, तुझ्या पोराने तोंड फिरवलं. घरी येऊन जान्हवीला त्याला फोन करायला लावला. बोलणं झाल्यावर तिने मला कागदावर लिहून दाखवलं: इव्हाकाकी गेल्या.

माझी बायको गेली तेव्हा इव्हा तीन दिवस मनोरीहून फेरीबोट पकडून आमच्यासाठी जेवण घेऊन येत होती. आणि मी तीन महिने गप्प बसलो. ऐकू आलं नाही, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगण्यापेक्षा तुझ्या नजरेत नालायक ठरलेलं मला चाललं.

काल कान तपासून आलो. कधीपासून असेल, असं विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी पाच बोटं दाखवली. पाच वर्षं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मनोरीला येतो. आधी इव्हाच्या कबरीवर जाईन, मग तुझ्या दारात. आत घ्यायचं नसेल तर हाताने खूण कर, परत जाईन. शिव्या द्यायच्या असतील तर समोर उभा राहून, मोठ्याने दे.

तुझा बहिरा,
नंदकुमार