सौंदडला न्यायची चहाची बिस्किटं

२ जानेवारी २०२५, सकाळी ८
नवी डायरी. छत्तीस वर्षं इटियाडोह धरणाच्या कालव्यावर नोकरी केली, रोज पाण्याचं गेज लिहिलं, स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही. आता रिटायर आहे. वेळ आहे. घरात शांतता आहे.
शांतता अशी की शामकला पोळ्यानंतर सौंदडला तिच्या बहिणीकडे गेली ती अजून आलेली नाही. सुभद्राबाईंचा गुडघा दुखतो. आठ दिवसांसाठी गेली होती, चार महिने झाले. मोठंच दुखणं असणार.
निर्णय: मी घ्यायला जाणार नाही. आमच्याकडे बायको माहेरी गेली की नवरा घ्यायला जातो हे खरं. पण ते नवऱ्याला सांगून गेलेल्या बायकोचं. ही स्वतः गेली, स्वतः येईल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर येतेच.

३ जानेवारी
पुष्पांजलीचा नागपूरहून फोन. मुलगी माझी, वकिली आईची. म्हणाली, बाबा, तुम्ही जात काऊन नाही? गुडघ्याचं सांगितलं तर हसली. मग म्हणाली, जाल तेव्हा रिकाम्या हातानं जाऊ नका.
तिनंच आठवण करून दिली. मागच्या वर्षी नागपूरला एका कॅफेत शामकलाला चहाची बिस्किटं फार आवडली होती. शॉर्टब्रेड म्हणतात. तीन खाल्ली आणि चौथं रुमालात बांधून इथं केशोरीपर्यंत माझ्यासाठी आणलं. मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. पुष्पांजलीला आठवतं. मी म्हणालो होतो, यात चहा कुठं आहे.
नवा निर्णय: ती बिस्किटं घरी करायची आणि सौंदडला न्यायची. हे घ्यायला जाणं नव्हे, खाऊ द्यायला जाणं. फरक आहे.

५ जानेवारी, रविवार
रेसिपी व्हॉट्सॲपवर आली. मैदा, थोडं तांदळाचं पीठ, बटर, पिठीसाखर, चहापत्ती. बटर अर्जुनीहून आणलं. ओव्हन नाही, पण कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी काढून, वर ताटली ठेवून भाजता येतं म्हणे.
रेसिपीत एक चूक सापडली. चहापत्ती कोरडीच पिठात घालायला सांगितली आहे. न उकळता चहाची चव येईल कशी? मी दूध, साखर, आलं घालून रीतसर चहा केला आणि त्यात पीठ मळलं.
दशम्या झाल्या. वास मात्र छान होता.

७ जानेवारी
आज चहापत्ती कोरडीच घातली. रेसिपीला एक संधी.
दर पाच मिनिटांनी झाकण उघडून रीडिंग घेतलं. गेट सोडलं आणि बघितलं नाही तर काय होतं हे मला कुणी शिकवू नये. ४.०५ पांढरं. ४.१० पांढरं. ४.१५ पांढरं. ५.४० पांढरं. ५.४५ सिलिंडर संपला.
शेजारच्या दुर्गेश्वरीनं खिडकीतून पाहिलं. म्हणाली, काकाजी, घडीघडी झाकण कायले उघडता, गर्मी सारी निघून जाऊन राहिली. तिला सांगितलं की कालवा निरीक्षकानं गेट न बघता बसायचं नसतं. म्हणाली, हा कालवा नाही, कुकर होय.
बायकांना टेक्निकल गोष्ट समजावणं कठीण.

९ जानेवारी
स्वयंपाकघरात चहापत्तीचे दोन डबे निघाले. पुढे ठेवलेल्या डब्यात कंपनीची पत्ती, चांगली, दाणेदार. मागच्या डब्यात बाजारातली सुटी भुकटी. दुर्गेश्वरीला विचारलं. म्हणाली, पुढचा तुमच्या चहाचा, मागचा काकूच्या.
म्हणजे शामकलाला कडक भुकटीच आवडते. एकतीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. आवड ज्याची त्याची. आजची बिस्किटं मुद्दाम तिच्या भुकटीची केली.
कडूजहर. दुर्गेश्वरीनं तोंड फिरवून पदरात थुंकलं. मी म्हटलं, तुझ्या काकूची आवड आहे. ती म्हणाली, काकू ते आवडीनं नव्हती पीत, काकाजी.
पुढे विचारलं नाही. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

१२ जानेवारी
एक चांगली बातमी. इतके दिवस दुर्गेश्वरीच्या घरून डबा यायचा. आता कुकर हाताशी असतोच, म्हणून परवापासून भात टाकतो आहे. पाणी दोन बोटं वर. वरणही जमलं. आज वांगं केलं. दुर्गेश्वरीला बोलावून वाटीभर दिलं आणि सांगितलं, डबा बंद कर, आता कुणाची गरज नाही. सगळीकडे सांग म्हटलं. ती सांगतेच.
शामकलाच्या कानावर जाईल. तिला वाटेल, माणूस बदलला. येईल.

१४ जानेवारी, संक्रांत
अंगण झाडलं. दोन वेळा.
बायका वाण घेऊन आल्या, दारातूनच विचारलं, काकू आल्या काय? म्हटलं, दुपारच्या गाडीनं येते. दुपारी दुसऱ्या आल्या. म्हटलं, संध्याकाळी. संध्याकाळी दार लावून घेतलं.
गाडी चुकली असावी.

१९ जानेवारी
जमली. झाकणाला हात न लावता पंचवीस मिनिटं खुर्चीवर बसलो, नोकरीत इतका जीव कधी टांगणीला लागला नव्हता. पत्ती पुढच्या डब्यातली, बारीक कुटून. कडा बदामी, तोंडात टाकलं की विरघळतं आणि मागून चहा येतो. आहे यात चहा.
दुर्गेश्वरीनं चार खाल्ली. म्हणाली, हे तं नानकटाईच होय, दिवाळीले बेकरीत तूप-मैदा नेऊन भाजून आणतो ते. तिला शॉर्टब्रेड समजावून सांगितलं. म्हणाली, हो, पण नानकटाईच.

२५ जानेवारी
सोमवारी जायचं. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. तीन मुद्दे आहेत. माफी हा शब्द टाळला आहे, अर्थ तोच आहे.
कागद लिहायचा म्हणजे ती गेली त्या दिवसाचं लिहावं लागलं. ऑफिसातले जुने लोक आले होते. मी चहा परत पाठवला, साखर कमी. पुन्हा पाठवला, साखर जास्त. तिसऱ्यांदा म्हणालो, हिला एकतीस वर्षांत चहा जमला नाही. सगळे हसले. मी सगळ्यात जास्त. शामकलानं गॅस बंद केला, पिशवी घेतली आणि पाहुण्यांसमोरून निघून गेली. गुडघ्याचं मी नंतर लोकांना सांगितलं.
हे लिहिलं तेव्हा फार वाईट वाटलं. दोन बिस्किटं खाल्ली.

२७ जानेवारी, सोमवार
अर्जुनीहून गाडीनं सौंदड. डबा मांडीवर. धक्का लागला तर चुरा होतो.
दोघी बहिणी अंगणात उन्हाला लाखोरीची डाळ निवडत बसल्या होत्या. सुभद्राबाई उठल्या आणि तरातरा पाणी घेऊन आल्या. शामकला म्हणाली, या. बसा.
डबा पुढे केला. तिनं एक उचललं, अर्धं खाल्लं, थांबली, उरलेलं खाल्लं. मग दुसरं. म्हणाली, तुमी केले? सोता? मी सगळं सांगितलं, दशम्यांपासून. ती हसली. किती दिवसांनी तिला हसताना पाहिलं.
मग विचारायला लागली. भात? म्हटलं, जमतो. वरण? जमतं. भाजी? वांगं एकदम फर्स्ट क्लास. मीठ कोणत्या डब्यात हाये? खालच्या फळीवर, डावीकडे. सगळी उत्तरं बरोबर. मला वाटलं, आता उठेल आणि पिशवी भरेल.
तिनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, चार महिने एकच घोर होता जी. हा माणूस काय खात असन? दोनदा पिशवी भरली मी. संक्रांतीले तं स्टेशनवर येऊन बसली होती. गाडीच्या आधी दुर्गेश्वरीले फोन लावला, जेवले काय म्हणून. ते म्हणाली, काकाजी आता सोताच रांधून राहिले, डबाही बंद केला. मंग घरी वापस आली.
मी डब्याचं झाकण लावलं.
म्हणाली, बरं झालं तुमी आले. डोळ्यानं पाहिलं, आता जीव मोकळा झाला. तुमचं चालून राहिलं. मी आता इथंच राहीन.
रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिचा राग मला माहीत आहे, तो उतरतो. ती तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली.
कागद खिशातच राहिला. सुभद्राबाईंनी चहा आणला. साखर थोडी जास्त होती. मी शेवटपर्यंत प्यालो आणि चहा फार चांगला झाला, असं मोठ्यानं म्हणालो. सुभद्राबाईंना.
शामकला माझ्याकडे बघत होती. मग खाली मान घालून पुन्हा डाळ निवडायला लागली.

२९ जानेवारी
काल काही लिहिलं नाही. काही खाल्लंही नाही, पण आता त्याचा उपयोग नाही.
नुसता उपाशी बसलो असतो तर संक्रांतीला ती घरी असती. स्टेशनपर्यंत आली होती. मी इथं अंगण झाडत होतो.
दुपारी पुष्पांजलीचा फोन. आईला आवडली का विचारत होती. म्हटलं, हो, दोन खाल्ली. मग बोलणं संपलं. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.