लोणच्याच्या बरणीतली परकी लक्ष्मी

सायखेडा,
१२ डिसेंबर १९९८

सहादूदादा,

गेणूचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि नामपूरचा कांदा, तिघांनाही थंडी मानवली असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल आहोत. (तुमच्या बहिणीविषयीची तक्रार पुढे येते आहे, तेव्हा बसून वाचा.)

पंधरा दिवसांपूर्वी, शुक्रवारी सकाळी, आमच्या चंद्री गाईने चाऱ्याला तोंड लावलं नाही. गोठ्यात दुधाची तेवढी एकच, त्यामुळे माझ्या तोंडचं पाणी पळालं. नाशिकला जनावरांच्या रोगनिदानाची सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथे शेण दिलं की दुर्बिणीखाली बघून रोग सांगतात, असं ऐकून होतो. लोणच्याची रिकामी बरणी धुऊन चिमणाबाईच्या हातात दिली, शेण भर म्हणालो आणि अंघोळीला गेलो. (शेण घेऊन का होईना, शहरात जायचं म्हणजे अंघोळ हवीच.) घोळ झाला तो त्या अंघोळीच्या वेळात.

एसटीत बरणी मांडीवर होती. शेजारच्या बाईंनी कैरीचं की लिंबाचं, असं दोनदा विचारलं, तेव्हा मिक्स आहे म्हणून सांगितलं. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना मी चंद्रीचं जन्मापासूनचं चरित्र ऐकवलं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी ते लिहूनही घेतलं. मंगळवारी अहवाल हातात पडला. यकृतात चपटे जंत, तेही भरपूर. औषध ताबडतोब पाजा, नाहीतर जनावर हातचं जाईल, असं बाईंनी बजावलं.

धावत घरी आलो, औषध नळीत भरलं, चंद्रीचा जबडा धरला, तेव्हा कुठे तुमच्या भगिनींनी तोंड उघडलं.

"आवो, तिला नका पाजू. ते शेण तिचं नव्हतं."

"मंग कुणाचं?"

"हिरामण भावजींच्या म्हशीचं. शुक्कीरवारी घरातली लक्ष्मी कुणी बाहेर देतं व्हय?"

गाईचं शेण म्हणजे लक्ष्मी आणि शुक्रवारी ती उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, ही शिकवण तिच्या माहेरची, म्हणजे तुमचीच. (शेजाऱ्याची लक्ष्मी एसटीने नाशिकला गेली तर चालतं, हे पोटकलम कोणी शिकवलं ते कळवा.) बुधवारी खरं शेण घेऊन पुन्हा गेलो. त्यात काहीच निघालं नाही. डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या आणि गाईने आजाराच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं ते विचारलं. तो मार्गशीर्षातला गुरुवार. नैवेद्याच्या अकरा पुरणपोळ्या चंद्रीने एकटीने फस्त केल्या होत्या, भरवणारी अर्थात तुमची बहीण. आता चंद्री ठणठणीत आहे आणि चिमणाबाईचा चेहरा असा, जणू पोळ्या मीच खाल्ल्या.

असो. थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
गेणू

ता. क. खरं काम राहिलंच. औषधाची बाटली कोनाड्यात तशीच आहे. बांधावरच्या बाभळीवरून हिरामणशी माझं दोन वर्षं बोलणं नाही, आणि मी आधी बोलणारही नाही. पण ती म्हैस गाभण आहे हो. कुंपणाशी येऊन माझ्याकडे बघते आणि माझा घास घशाखाली उतरत नाही. तुमचा शब्द तो मोडत नाही. तेव्हा पहिल्या गाडीने या आणि औषध नामपूरहून आणलं असं सांगून त्याला द्या. माझं नाव काढू नका. आमच्या घरातही यातलं बोलू नका.

ता. ता. क. दादा, मी चिमणा लिहिते. यांनी पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडे दिलं. म्हशीला औषध हिरामण भावजींच्या कुसाबाईने त्याच मंगळवारी पाजलं, बाटली मीच कुंपणावरून दिली. म्हैस आता बरी आहे. रिकामी बाटली परत घेऊन कोनाड्यात ठेवली, तिच्यात आता हळदीचं पाणी आहे. आम्हा दोघींचं बोलणं एक दिवसही बंद नव्हतं. तरी तुम्ही या. हिरामण भावजी रोज सकाळी कुसाबाईला विचारतात, "चंद्री खाती का गं? गेण्या जेवतो का?" तेवढं यांना तुमच्या तोंडून कळू दे. माझं हे ऐकत नाहीत.