बिनचष्म्याचा चेअरमन

७ फेब्रुवारी २०१६, घाटनांदूर
दूध सोसायटीची मीटिंग. अहवाल वाचायला चष्मा लावला, तर विरोधी पॅनलचा मोहनराव सगळ्यांपुढं म्हणतो, आजोबांना पंख्याखाली बसवा. माझं वय चौपन्न! किळस आली. चष्म्याची अन् मोहनरावाची, दोघांची. ठरलं. पुण्यात डोळ्यात इम्प्लांट. एप्रिलच्या निवडणुकीत बॅनरवर बिनचष्म्याचा चेअरमन.

२६ फेब्रुवारी, पुणे
झालं. एका डोळ्याच्या कॉर्नियात इवलीशी चकती. डॉक्टरीण म्हणाली, जवळचं हळूहळू दिसेल, महिने लागतात. ड्रॉप चुकवू नका, चोळू नका, धूळ टाळा, बारीक अक्षराला तोवर चष्मा ठेवा. ते सामान्य पेशंटला. मला आठ दिवस बास.

२९ फेब्रुवारी
धूळ टाळा म्हणे! इथं चारा छावणीची धूळ जेवणात. टँकरच्या पाण्याला गाळाचा वास, तोंड धुवायची शिसारी. ड्रॉप घशात उतरतो, कडू जहर. थू! बायको सत्यभामा म्हणते, डोळा मिटू नका, लेकरू हाय का तुमी?

१२ मार्च
चष्मा विहिरीत फेकला. पाणी नसल्यानं फुटल्याचा आवाज झकास आला.

२८ मार्च
अक्षरं अजून मुंग्या. दिव्याभोवती कडं. म्हणजे इम्प्लांट बसतंय.
अर्ज भरला. माझा बाद झालाच तर म्हणून सत्यभामाचा डमी अर्ज. पॅनलची रीत: माघारीच्या कागदावर सगळ्यांनी आधीच सही करून द्यायची, म्हणजे कुणी फुटत नाही. रीत मीच पाडली, म्हणून पहिली सही माझी. सगळे कागद माझ्याच खिशात.

८ एप्रिल, अंबाजोगाई
माघारीचा शेवटचा दिवस. सत्यभामाचा डमी काढायला गेलतो. ती म्हणत होती, वाचून दाखवायला त्रिंबकला संगं न्या. पुतण्याकडून वाचून घेऊ? मतदारांपुढं? हॅट!
खिशातल्या गठ्ठ्यातून तिचा माघारीचा कागद काढून दिला. क्लार्क म्हणाला, भगवानराव, एकदा वाचून बघा, हाच ना? मागं मोहनराव उभा. कागद डोळ्यांपुढं धरला, ओठ हलवले, म्हणालो, वाचला. शिक्का घाल. मोहनरावाचं तोंड बघण्यासारखं झालं. बेशरम हसत होता.

९ एप्रिल
सोसायटीच्या बोर्डावर यादी लागली. अन् चमत्कार! चष्म्याशिवाय अक्षर न् अक्षर स्वच्छ. माघार घेतलेले उमेदवार, पहिलं नाव: भगवानराव. खाली रिंगणात सत्यभामा.
घरी आलो. ती चप्पल घालत होती. म्हणाली, आज ड्रॉप तुमचे तुमी टाका, मला प्रचाराला जायचंय.