भोवती फिरणारा

३ फेब्रुवारी, सावदा
आले एकदाची धुळ्याहून! बोलीभाषेच्या कोशासाठी महिनाभर इथे शब्द गोळा करायचे. कमलबाई अक्का आणि झुलाल नानांकडे खोली मिळालीय. पुढे सडा घातलेलं मातीचं अंगण, मागे केळीची बाग. अक्कांनी आल्या आल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. दोन घास जास्तच गेले. नोकरी असावी तर अशी.

५ फेब्रुवारी
केळीच्या खोडापासून घडापर्यंतचे शब्द पटापट मिळाले. घोडं अडलंय ते चक्कर येण्यासाठीच्या शब्दापाशी. आपले भोवळ, भोवरा, भोवती एकाच मुळातले, तेव्हा इथला शब्दही त्याच घरचा असणार, म्हणून हौसेनं विचारत फिरले. तर जो तो खाली बसतो, तळहात भुईला टेकवतो आणि गप्प! नाना म्हणाले, त्याचं नाव घेत नाहीत. चुकून घेतलंच, तर हात भुईवर ठेवायचा आणि ते निघून जाईपर्यंत उचलायचा नाही. अहो, पण 'ते' म्हणजे कोण? चक्कर म्हणजे काय शेजारी आहे?

८ फेब्रुवारी
कोशाच्या संपादक सरांचे दोन फोन. एका शब्दापायी पान अडलंय म्हणे. मी काय लोकांच्या तोंडात हात घालून काढू? नुसता वैताग आलाय.

९ फेब्रुवारी
आज नाटक केलं. अंगणात गरगर गिरक्या घेतल्या आणि अक्कांसमोर धाडकन पडले. अक्का घाबरून ओरडल्या, "अवं माय, हात भुईले लाव!" आणि पाठोपाठ तो शब्द. मिळाला! अर्थ गरगरणं नव्हे, 'भोवती फिरणारा'. म्हणजे आपण जागच्या जागी असतो, फिरतं दुसरंच कोणी. काय सुरेख!

अक्का मात्र तळहात टेकून भर उन्हात बसल्या. उठेचनात. मला लाज वाटली, मग चीडही आली. शेवटी काखेत हात घालून उचललं आणि अंगणातल्या खाटेवर निजवलं. त्या हात खाली न्यायला धडपडत होत्या.

१० फेब्रुवारी
अक्का उठत नाहीत. डॉक्टर म्हणाले, बीपी ठीक आहे. सडा आज मीच घातला. खाटेभोवती ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटलीत, गोल. नाना एवढंच म्हणाले, हात का उचलला?

११ फेब्रुवारी
गोल लहान झालाय. अक्का म्हणतात, आता भुई हाताला लागत नाही. नाना कुण्या जाणत्याला आणायला गेलेत. मी मेली का आले इथे —

१२ फेब्रुवारी, दुपार
नाना अजून नाहीत. अक्कांना खाली घेतलंय. त्यांचा तळहात भुईवर, वरून माझा डावा हात दाबून. वही मांडीवर. लिहीत राहिलं की डोकं ताळ्यावर राहतं. हे मीच केलंय. अक्कांना काही झालं तर —

माती दबतेय. पाठीमागून — समोरून — पुन्हा पाठीमागून. दिसत काहीच नाही —

हात सोडणार नाही. काही झालं तरी —

थांबलं वाटतं. अक्कांना झोप लागलीय. श्वास चालू आहे, देवा. कशा निवांत झोपल्यात, दोन्ही हात छातीवर —

दोन्ही?

मग माझ्या हाताखाली हा