अनघाची मोहरी

प्रिय अनघा,

काल तुझी वाळवंटातली जागा मी एका परक्या बाईला दाखवली. तू असतीस तर रागावली असतीस. म्हणून आजच लिहायला बसले.

तुझ्या निखिलला दूर उत्तरेला, बेलव्ह्यूला नोकरी लागलीय. उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्निया सोडणार. तू गेल्यापासून त्याने त्या बाजूला गाडी वळवलीच नव्हती. यंदा पाऊस बरा झाला, म्हणजे फुलं असणार, तेव्हा मीच मागे लागले, जायच्या आधी एकदा तरी ने.

तुमच्या लग्नानंतर पहिल्यांदा तू मला तिथे नेलंस ते आठवतं? मी म्हटलं, अगं, ही तर मोहरी, भाजी करू या का? तू हसत सुटलीस. मग सांगितलंस, ही बाहेरून आलेली, हिच्यापुढे इथली पिवळी रानफुलं टिकत नाहीत. तशा एका रानफुलात बसलेला नखाएवढा जांभळट पतंग दाखवलास. त्याच्या अळीला हीच फुलं लागतात म्हणालीस. खाण्याचे एवढे नखरे कशाला, असं मला वाटलं होतं!

मग दर हिवाळ्यात आपण दोघी मोहरी उपटायला जायचो. जागा मात्र तू कोणालाच सांगितली नाहीस. फोटोवाल्यांचे पाय लागले की संपलं, म्हणायचीस.

काल बघितलं तर सगळीकडे कमरेएवढी मोहरी. निखिल गाडीतून लवकर उतरेचना. उतरला तो ग्लोव्ह्ज न घालताच उपटत सुटला. हात सोलवटले तरी थांबला नाही. दुपारपर्यंत आपल्या हॉलएवढी जमीन मोकळी झाली. तुझी रानफुलं फक्त एका खडकापाशी होती. एकेक वाकून पाहिलं. पतंग नव्हता.

परतताना गॅस स्टेशनवर लिंडा नावाची बाई भेटली. ती आणि तिच्या मैत्रिणी पायवाटेवरची मोहरी काढतात. मी निखिलला म्हटलं, हिला जागा सांग.

"आई, अनघाने कोणालाच सांगितलं नव्हतं."

"तेव्हा उपटायला ती होती."

मग त्यानेच लिंडाला घेऊन गाडी मागे वळवली.

लिंडा चांगली वाटली. फोटो काढणार नाही म्हणाली. पण तिच्या मैत्रिणी? एकीने जरी फोटो नेटवर टाकला तर? मी जागा वाचवली की घालवली, मला कळत नाही गं.

इतकं जपलेलं कोणाच्या तरी हाती देऊन जायचं असतं. आजारही तू या जागेसारखाच लपवून ठेवलास. शेवटपर्यंत कळू दिलं नाहीस. आम्ही काय इतके परके होतो?

असो. पुढच्या हिवाळ्यात मोहरी उपटायला येईन तेव्हा मी लिंडाकडे उतरणार आहे. तिकीट काढून देतो म्हणालाय निखिल. गुडघे साथ देतील तोवर दर वर्षी येईन, पतंग दिसो न दिसो. आणि दिसलाच, तर निखिलला फोनवर सांगणार नाही. त्याला बोलावून घेईन.

निखिलची आणि तुझीही,
आई